नोटेवरचे गाव आणि नोटेचे मोल

वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर या गावांतील जुन्या घराण्यांत वाटणीचा प्रसंग आला, वाड्याची दुरुस्ती निघाली किंवा आजोबांच्या मागे त्यांची लाकडी पेटी प्रथमच मोकळी करण्याची वेळ आली, म्हणजे खरेदीखते, गहाणखते, सारापावत्या आणि मोडीतील चोपड्या यांच्या बासनातून कधी कधी एखादी जीर्ण, पिवळी पडलेली नोट बाहेर येते. आणि ती हातोहात फिरू लागली की जमलेल्या प्रत्येकाच्या मुखी एकच प्रश्न असतो, हिचे आज किती येतील? प्रश्न स्वाभाविक आहे आणि तो विचारण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. परंतु त्याचे उत्तर शोधताना बहुतेक लोक नोटेचे वय मोजतात किंवा तिच्यावर छापलेला आकडा पाहतात, आणि हे दोन्ही मार्ग आडरानात नेणारे आहेत. नोट कोणत्या कचेरीतून आणि कोणाच्या सहीने निघाली, तिच्याबरोबर निघालेल्यांपैकी किती नष्ट झाल्या, आणि जी उरली तिची प्रकृती कशी आहे, यांवर तिचे मोल ठरते. वऱ्हाडातल्या माणसाने तर यांतला पहिला प्रश्न सर्वांच्या आधी विचारावा, कारण त्याच्या मुलखाचा आणि कागदी चलनाचा संबंध अगदी आरंभापासूनचा आहे.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला; मालकी नावाला हैदराबादची राहिली आणि अंमल मात्र रेसिडेंटामार्फत इंग्रजांचा सुरू झाला. त्यानंतर आठच वर्षांनी, १८६१ साली, हिंदुस्थान सरकारने कागदी चलनाचा कायदा केला. तोवर कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथील इलाखा बँका आपापल्या नोटा काढीत असत. तो अधिकार काढून घेऊन १ मार्च १८६२ पासून नोटा काढण्याचा हक्क सरकारने सर्वस्वी स्वतःकडे घेतला. या योजनेची कल्पना ज्या जेम्स विल्सन यांनी मांडली ते हिंदुस्थानचे पहिले वित्तसदस्य १८६० मध्येच कलकत्त्यास निवर्तले, आणि कायदा तडीस नेण्याचे काम त्यांच्या मागून आलेल्या सॅम्युएल लेंग यांच्या वाट्यास आले. दहापासून हजार रुपयांपर्यंतच्या, राणी व्हिक्टोरियाची छबी असलेल्या त्या पहिल्या नोटा इंग्लंडात हातकागदावर एकाच बाजूने छापल्या जात आणि त्यांची पाठ कोरी असे. पण आजच्या वाचकाला खरोखर नवल वाटावे अशी गोष्ट निराळीच आहे. ती नोट साऱ्या देशात चालत नसे. देशाचे चलनाच्या दृष्टीने काही ‘सर्कल’ पाडलेले होते; ज्या सर्कलची नोट तेथेच ती कायदेशीर देणे म्हणून चाले, आणि त्या कचेरीचे नाव नोटेच्या दर्शनी बाजूवर छापलेले असे. मुख्य सर्कल तीन, इलाख्यांच्या राजधान्यांची. त्यांच्या हाताखाली उपसर्कल. मुंबईच्या हाताखाली जी उपसर्कल होती त्यांत एक कराचीचे आणि दुसरे अकोल्याचे.

कराचीसारख्या बंदराच्या जोडीला अकोला का, याचे उत्तर काळ्या जमिनीत आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कापसाला पूर्वी कधी नव्हता असा भाव आला. हंगामात शेतकऱ्याला द्यावयाचा पैसा चांदीच्या रुपयांच्या थैल्यांनी मुंबईहून आणावा लागे. त्याच्या वाहतुकीचा खर्च, पहाऱ्याची व्यवस्था आणि वाटमारीचे भय यांनी व्यापारी जेरीस येत. अशा मुलखात नोट वटवून देणारी सरकारी कचेरी असणे ही केवळ सोय नव्हती, ती गरज होती. कारंजाचा व्यापारी असो वा बासीमचा, त्याला सर्वांत जवळची अशी कचेरी अकोल्याचीच. (आजचे वाशीम इंग्रजी दप्तरांत बासीम म्हणून नोंदलेले आढळते, या नावाचा जिल्हा १९०५ मध्ये मोडून वाशीम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्यास जोडले गेले, आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला.)

त्याच यादवी युद्धाच्या धामधुमीत अमेरिकेने आपल्या कागदी चलनाची घडी बसविली, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. १८६३ च्या कायद्याने तेथील गावोगावच्या बँकांना केंद्र सरकारची सनद मिळाली, आणि सरकारी रोखे तारण ठेवून स्वतःच्या नावाच्या नोटा काढण्याची परवानगी देण्यात आली. १९३५ पर्यंत बारा हजारांहून अधिक बँकांनी अशा ‘नॅशनल बँक नोटा’ काढल्या. रूपाने त्या बहुतांशी सारख्याच. भेद एवढाच की प्रत्येकीवर बँकेचे नाव, गावाचे नाव आणि सनदेचा क्रमांक. आज त्यांच्या किमतीत जमीनअस्मानाचा फरक पडतो तो याच तीन ओळींमुळे. न्यूयॉर्कच्या मोठ्या बँकेची नोट संग्राहकाला सहज मिळते. पण एखाद्या खेड्यातील बँक चार-दोन वर्षे चालून बुडाली असेल, तर तिच्या एकाच उरलेल्या नोटेसाठी त्या परगण्यातील धनिक लिलावात एकमेकांवर चढाओढ करतात. तेथील संग्राहक नोट हाती येताच आकडा पाहत नाही, आधी गाव वाचतो. आमच्याकडेही सर्कलच्या काळातील नोटेबाबत हाच नियम लागू आहे. मुंबई किंवा कलकत्ता छापलेली नोट दुर्मिळ खरी, पण उपसर्कलच्या नोटा मुळात थोड्या निघाल्या आणि अकोल्यासारखी काही उपसर्कल पुढे बंद झाली. म्हणून त्यांचे नाव असलेली नोट सर्वस्वी निराळ्या पंक्तीत बसते. १९०३ मध्ये पाच रुपयांची नोट ब्रह्मदेश वगळता सर्वत्र चालू लागली, १९१० मध्ये दहा आणि पन्नास रुपयांची, १९११ मध्ये शंभराची. आणि त्याबरोबर नोटेवरील गावाचे महत्त्व व्यवहारातून ओसरले.

सर्कलच्या काळातील नोटा जुन्या पेढ्यांत सापडतात त्या पुष्कळदा अर्ध्या सापडतात, आणि अज्ञानाने त्या फेकून दिल्या जातात, म्हणून याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. टपालाने मोठी रक्कम पाठविताना ती वाटेत गहाळ होऊ नये म्हणून व्यापारी नोटेचे मधोमध दोन तुकडे करीत. एक अर्धा पहिल्या टपालाने जाई. तो पोचल्याची खबर आली की दुसरा रवाना होई. आणि पैसे घेणारा दोन्ही भाग डिंकाने चिकटवून कचेरीत वटवून घेई. या कामासाठीच नोटेचा क्रमांक तिच्या दोन्ही अर्ध्यांवर छापलेला असे. अशा जोडलेल्या नोटेची पाठ पाहिली तर चिकटपट्टीच्या पातळ कागदाची रेघ दिसते, तिच्या शेजारी क्वचित पेढीवाल्याची सही आणि शाईने घातलेली तारीख असते. व्यापारी संग्राहक याला दोष म्हणतो आणि किंमत कमी करतो. मला हे मूल्यमापन अपुरे वाटते. ती नोट कोणत्या हातांतून गेली याचा एवढा पुरावा कोऱ्या करकरीत नोटेपाशी कधीच नसतो, आणि वऱ्हाडच्या व्यापाराचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्याला सही असलेली अर्धी नोटसुद्धा सही नसलेल्या पूर्ण नोटेपेक्षा अधिक सांगून जाते.

वाशीम जिल्ह्यात सापडणाऱ्या नोटांचा दुसरा मोठा वर्ग पैनगंगेच्या पलीकडून आलेला आहे. नदीच्या अलीकडे इंग्रजी रुपया, पलीकडे हिंगोली-परभणीच्या बाजूला निजामाचा उस्मानिया शिक्का. आणि सोयरीक, बाजार, यात्रा, जनावरांची खरेदी यांसाठी लोकांची ये-जा तर रोजची. सात उस्मानिया रुपये म्हणजे सहा इंग्रजी रुपये हा हिशोब सीमेवरच्या दुकानदाराला तोंडपाठ असे. १९१८ च्या कायद्याने हैदराबादने स्वतःच्या नोटा काढण्यास आरंभ केला. प्रथम शंभराच्या आणि दहाच्या, पुढे एक, पाच आणि हजाराच्याही. देशी संस्थानांत सातत्याने कागदी चलन चालविले ते हैदराबादनेच. या नोटांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडी अक्षरेही आहेत, आणि सन फसली आहे. ज्याला फसलीची सवय नाही त्याने त्या आकड्यात साधारण ५९० मिळवावे म्हणजे इसवी सन येतो. त्यांची किंमत ठरविताना सन आणि वित्तखात्याच्या अधिकाऱ्याची सही हे दोन्ही पाहिले जातात, आणि पुष्कळशा सह्या उर्दूत असल्यामुळे येथील पुष्कळ घरांत त्या आजवर कोणी वाचलेल्याच नाहीत. अशा नोटेसाठी दूरच्या तज्ज्ञाकडे धाव घेण्यापूर्वी गावातल्या उर्दू शाळेतील एखाद्या जाणत्या शिक्षकाला ती दाखवावी. अर्धे काम तेथेच होते.

आता एक नोट हाती घेऊन पाहू. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, लोक रुपये दडवून ठेवू लागले, तेव्हा ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारने एक रुपयाची नोट काढली आणि पाठोपाठ १९१८ च्या जानेवारीत दोन रुपये आठ आण्यांची. एक रुपयाच्या नोटेवर पंचम जॉर्जच्या रुपयाचे चित्र आहे, मागे आठ देशी भाषांत रक्कम लिहिलेली आहे. या नोटा पंचवीस पंचवीसच्या पुस्तिकांत बांधून येत, म्हणून मूळ स्थितीतील नोटेची एक कड फाडून घेतल्यासारखी खरबरीत दिसते. ती नीटनेटकी करण्यासाठी कोणी कात्री लावली असेल तर नोटेचे नुकसान झाले असे समजावे. मग सही पाहावी. गबे, मॅकवॉटर्स आणि डेनिंग अशा तीन अधिकाऱ्यांच्या सह्या या नोटेवर आढळतात, आणि त्यांच्या किमती एकसारख्या नाहीत. अडीच रुपयांच्या नोटेवर क्रमांकाजवळ सर्कलचे आद्याक्षर येते, बी म्हणजे मुंबई, के म्हणजे कराची, आर म्हणजे रंगून. म्हणजे गावाचा प्रश्न येथेही सुटला नाही, तो एका अक्षरात लपला. १ जानेवारी १९२६ पासून या दोन्ही नोटा काढणे बंद झाले. अडीच रुपयांची नोट पुन्हा कधीच निघाली नाही, आणि एक रुपयाची निघण्यास दुसरे महायुद्ध यावे लागले.

गाव आणि सही वाचून झाली की प्रकृती. जाणकार प्रथम नोट उजेडासमोर धरून जलचिन्ह पाहतात. मग ती तिरपी करून घड्या मोजतात, कारण मधली एक घडीसुद्धा ‘यूएनसी’ म्हणजे अस्पर्श नोटेला त्या पदवीवरून खाली उतरवते. मग कोपरे, डाग, शाईचे आकडे आणि टाचणीची भोके. आमच्या बँकांत कोऱ्या नोटांची गड्डीसुद्धा टाचून ठेवण्याची रीत २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने बंद करीपर्यंत चालू होती, म्हणून भारतीय नोटेच्या भोकांकडे जाणकार काहीसे क्षमाशील वृत्तीने पाहतात. फाट, तुटलेला कोपरा आणि चिकटपट्टी यांना मात्र क्षमा नाही. परदेशी परीक्षणसंस्था नोट पारदर्शक वेष्टनात बंद करून तिला सत्तरांपैकी गुण देतात. एकाच नोटेच्या साठीच्या वरच्या आणि विशीच्या गुणांत किमतीचे अंतर कित्येक पटींचे असते. याच कारणाने मी कळकळीने सांगतो की सापडलेली नोट धुऊ नका, इस्त्री करू नका, लॅमिनेट करू नका. कापसाच्या आणि लिननच्या चिंध्यांपासून केलेला तो कागद शंभर वर्षे टिकला आहे. त्याचा नाश बहुधा घरातल्या माणसाच्या स्वच्छतेच्या हौसेनेच होतो.

दुर्मिळता कशी उत्पन्न होते हे समजले की किमतीतली पुष्कळशी गूढता नाहीशी होते. दहा हजारांची नोट रिझर्व्ह बँकेने १९३८ मध्ये काढली. १९४६ च्या जानेवारीत पाचशे आणि हजाराच्या नोटांसह ती रद्द झाली. १९५४ मध्ये पुन्हा आली आणि १९७८ च्या जानेवारीत पुन्हा रद्द झाली. इतकी मोठी रक्कम कोण घरात मरू देईल? ज्याच्याकडे होती त्याने ती बँकेत भरली, बँकेने नष्ट केली, आणि म्हणून ती आज दिसत नाही. याउलट चिंतामणराव देशमुखांच्या सहीच्या नोटा. मध्यप्रांत-वऱ्हाडात सनदी अधिकारी म्हणून नोकरीस आरंभ केलेला हा महाराष्ट्रीय विद्वान १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला, आणि सहाव्या जॉर्जच्या चित्राखाली त्यांची सही पाहून आमच्या लोकांना आजही अभिमान वाटतो. तो वाटावाच. पण महायुद्धाच्या त्या वर्षांत नोटांचे चलन प्रचंड वाढले होते, त्यांच्या सहीच्या दोन आणि दहा रुपयांच्या वापरलेल्या नोटा विपुल शिल्लक आहेत, आणि त्यामुळे त्यांचे मोल अभिमानाच्या मानाने माफकच येते.

मंगरूळपीर-कारंजाकडील मुसलमान कुटुंबांनी आणखी एक नोट ओळखून ठेवावी. १९५९ मध्ये हजयात्रेकरूंसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा निघाल्या; रंग नेहमीपेक्षा निराळा, क्रमांकापूर्वी ‘एचए’ ही अक्षरे आणि अशोकस्तंभाच्या दोन्ही बाजूंस ‘हज’ हा शब्द. त्या भारतात चालत नसत, अरबस्तानात बदलून घ्याव्या लागत, म्हणून परत आलेल्या फार थोड्या. २०२४ मध्ये लंडनच्या लिलावात अशा शंभराच्या एका नोटेला पन्नास लाख रुपयांहून अधिक किंमत आली. त्याच वर्षी लंडनमध्येच दहा रुपयांच्या दोन नोटा विक्रीस आल्या, त्यांची कथा विलक्षण आहे: २ जुलै १९१८ रोजी ‘शिराला’ नावाचे जहाज लंडनहून मुंबईस येताना जर्मन पाणबुडीने बुडविले, त्यातील नोटांची बंडले किनाऱ्याला लागली, बहुतेक गोळा करून नष्ट करण्यात आली, आणि २५ मे १९१८ ही तारीख असलेल्या या दोन खासगी हातांत राहिल्या. प्रत्येकीचा अंदाजच दोन हजार पौंडांच्या वर धरला होता.

अशा बातम्यांचा दुरुपयोग करणारे लोक आता मोबाइलवरून खेड्यापाड्यांत पोचले आहेत. ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट लाखो रुपयांना जाते, ७८६ हा क्रमांक असलेल्या नोटेला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त नोंदणीचे वा कराचे काही हजार आधी भरा, असा निरोप येतो. आणि नापिकीने गांजलेला शेतकरी त्याला बळी पडतो. ट्रॅक्टरची नोट वर्षानुवर्षे अमाप छापली गेली आहे; कोऱ्या स्थितीतही तिला फार मोल नाही. ७८६ ला श्रद्धेपोटी थोडी अधिक किंमत मिळते, पण ती लाखांच्या जवळपासही जात नाही. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये स्वच्छ शब्दांत सांगितले आहे की जुन्या नोटांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही आणि त्यासाठी कोणतेही शुल्क मागत नाही. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा माणूस संग्राहक नसतो, हे पक्के ध्यानात ठेवावे.

खरा सौदा करताना तीन किमती वेगवेगळ्या समजाव्यात. रेझवान रझाक आणि किशोर झुनझुनवाला यांच्या इंग्रजी सूचिग्रंथासारख्या पुस्तकात येते ती सूचीची किंमत. ती दिशा दाखवते, सौदा ठरवीत नाही. व्यापारी देऊ करतो ती तिच्याहून बरीच कमी, कारण त्याला भांडवल अडकवून गिऱ्हाइकाची वाट पाहायची असते; यात लबाडी असतेच असे नाही. आणि लिलावात हातोडा पडतो ती, जिच्यातून लिलावगृहाचे कमिशन वजा होते. सामान्य नोट व्यापाऱ्याला देऊन मोकळे व्हावे. उपसर्कलची, हजची किंवा व्हिक्टोरियाच्या चित्राची नोट असेल तर लिलावाखेरीज विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कायद्याचाही विसर पडू नये. २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा २०१७ च्या कायद्यानुसार एकूण दहांपेक्षा अधिक बाळगता येत नाहीत, आणि अभ्यास वा संग्रहासाठी पंचविसांपेक्षा अधिक नाहीत.

वाशीम जिल्ह्यातील घरांना एवढीच विनंती आहे: पेटीत एक बाजू कोरी असलेली जुनी नोट, किंवा तिचा अर्धा तुकडा सापडला, तर विकण्याचा विचार मनात येण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्या, तिच्यावरील क्रमांक, तारीख, सही आणि गावाचे नाव कागदावर उतरवून ठेवा, ती ज्या चोपडीत सापडली ती चोपडीही तिच्याबरोबरच राहू द्या, आणि गावाच्या जागी अकोला असे वाचता आले, तर मुंबईचे रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय किंवा नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था यांपैकी कोणाला तरी ती दाखविल्यावाचून कोणत्याही भावाने हातची सोडू नका.